‘फायनल’ झिपनं काम खाल्लं, आता गिट कुठून सुरू करू?

प्रश्न : सर, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चौघांचा प्रोजेक्ट आहे दूध संकलन केंद्राचा हिशोब. फॅट-एसएनएफवरून (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर काढायचा, सकाळ-संध्याकाळची नोंद ठेवायची, दहा दिवसांचं बिल छापायचं. कोड आम्ही झिप करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. मागच्या आठवड्यात एका मित्रानं त्याच्याकडच्या जुन्या कोडवर काम करून ‘फायनल’ म्हणून झिप पाठवली, सगळ्यांनी तीच घेतली आणि माझं दरपत्रकाचं काम गेलं. गाइड मॅडम म्हणतात गिट वापरा. यूट्यूबवर भला मोठा व्हिडिओ लावला, रिबेसपाशी डोकं बंद पडलं. गिटहबवर अकाउंट काढलं, पण पासवर्ड बरोबर असूनही पुश होत नाही. त्यात दोघं जण सुट्टीत गावी जातात, तिथं रेंज नसते. सुरुवात कुठून करू? आणि मर्क्युरिअल सोपं असतं म्हणे, ते घेऊ का?
— वैतागलेली टीम लीडर, उदगीर

उत्तर : आधी गिटहबचा टॅब बंद कर. पासवर्डचं काय ते पुढे सांगतो, पण आज नको. गिट हा कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा, तुझ्या मशिनवर चालणारा प्रोग्राम आहे, 2005 सालचा. गिटहब ही त्याच्या प्रती ठेवायची एक वेबसाइट, 2008 साली आलेली. तू दोन्ही एकाच दिवशी शिकायला गेलीस आणि त्यात तिसरं लॉगिनचं लफडं मध्ये आलं. गोंधळ उडणारच.

आता तुझ्या दरपत्रकाबद्दल. ते कायमचं गेलं असेल असं मला वाटत नाही. तू ते कधी तरी ग्रुपवर पाठवलं असशील, म्हणजे ती झिप कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये किंवा डाउनलोड्समध्ये पडून असणार. तिथूनच सुरुवात कर. गिट शिकायला ‘हॅलो वर्ल्ड’ची खोटी फाइल घेण्यापेक्षा स्वतःचा खरा पसारा घेतलेला बरा. सगळ्यांकडून जुन्या झिपा गोळा कर आणि तारखेप्रमाणे ओळीनं लाव.

गिट इन्स्टॉल करताना विंडोजवर तो एडिटर कुठला हवा ते विचारतो. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत गेलीस तर विम मिळतो, आणि पहिल्याच कमिटला (कमिट म्हणजे त्या क्षणाच्या कोडची इतिहासात केलेली नोंद) काळ्या स्क्रीनवर अडकून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही. तिथं नोटपॅड किंवा व्हीएस कोड निवड. (अडकलीसच तर एस्केप दाब, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर.) इथून पुढे आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत.

नाव आणि ईमेल एकदा सांगावं लागतं : ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम’ आणि पुढे अवतरणात तुझं नाव, तसंच युजर.ईमेल. कॉलेजच्या लॅबमधल्या मशिनवर मात्र --ग्लोबल लावू नकोस. तिथं आधीच्या बॅचमधल्या कुणाचं तरी नाव बसलेलं असतं आणि तुझे सगळे कमिट त्याच्या खात्यावर जमा होतात. तोंडी परीक्षेत ‘यातलं तू काय केलंस?’ हा प्रश्न आला की पंचाईत. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन --ग्लोबल न लावता तीच आज्ञा दिली की ते नाव त्या फोल्डरपुरतंच लागू होतं. फक्त हे ‘गिट इनिट’ झाल्यावर करायचं.

आता एक रिकामं फोल्डर कर, आत जा आणि ‘गिट इनिट -बी मेन’ दे. आत ‘.गिट’ नावाचं लपलेलं फोल्डर तयार होईल. पुढचा सगळा इतिहास त्यातच राहणार, म्हणून त्याला हात लावायचा नाही. सगळ्यात जुनी झिप इथं उघड आणि पुढे सांगतो ती ‘.गिटइग्नोर’ फाइल आधी करून ठेव. मग ‘गिट स्टेटस’ बघ, ‘गिट ॲड -ए’ (हा ए कॅपिटल) कर आणि ‘गिट कमिट -एम’ पुढे अवतरणात लिही : ‘पहिली झिप, फक्त नोंदीचा फॉर्म’. मराठीतच लिही, बिनधास्त. झाला पहिला कमिट.

पुढच्या झिपेसाठी ‘.गिट’ आणि ‘.गिटइग्नोर’ सोडून बाकीच्या सगळ्या फायली उडव, नवी झिप उघड, पुन्हा ॲड, पुन्हा कमिट. आधीच्या फायली उडवायच्या कारण मधल्या काळात कुणी एखादी फाइल काढून टाकली असेल तर ती गोष्टही नोंदली गेली पाहिजे. झिप उघडल्यावर आत आणखी एक फोल्डर निघतं, कधी ‘मिल्क’, कधी ‘मिल्क न्यू’. प्रत्येक वेळी फायली एकाच पातळीवर आण, नाहीतर गिटला सगळंच हललेलं दिसेल.

सगळ्या झिपा आत गेल्या की ‘गिट लॉग --वनलाइन --स्टॅट’ दे. प्रत्येक कमिटखाली कुठल्या फायलीत किती ओळी वाढल्या, किती गेल्या ते अधिक-उण्याच्या चिन्हांनी दिसतं. मित्राच्या ‘फायनल’पाशी ये. दरपत्रकाच्या फायलीपुढे लाल उण्यांची रांग दिसेल. तेच तुझं काम. त्याच्या आधीच्या, म्हणजे यादीत खालच्या, ज्या कमिटात ते शाबूत आहे त्याच्या सुरुवातीला सात अक्षरांचा आकडा असतो. ‘गिट रिस्टोअर --सोर्स=’ पुढे तो आकडा, मग जागा सोडून फायलीचं नाव. फाइल परत. मित्रानंही त्याच फायलीत काही केलं असेल तर ते यानं झाकलं जाईल, म्हणून आधी ‘गिट डिफ’नं दोन्ही कमिट शेजारी ठेवून बघ आणि मगच हात घाल.

ही सात अक्षरं म्हणजे चाळीस अक्षरी आकड्याचा पुढचा तुकडा. तो आकडा कमिटमधल्या मजकुरावरून काढलेला असतो. त्यात फायली, लेखकाचं नाव, वेळ आणि मुख्य म्हणजे आधीचा कमिट कुठला, हे सगळं आलं. तुझ्या भांडणाचं मूळ याच शेवटच्या गोष्टीत आहे. मित्र जुन्या कोडवर काम करत होता यात त्याचं काही चुकलं नाही, चौघांत ते रोज होणार. चुकलं ते झिपेचं. आपण कुठल्या आवृत्तीवरून निघालो हे झिप सांगतच नाही, आणि ज्यानं शेवटी पाठवली त्याचीच खरी ठरते. गिटच्या प्रत्येक कमिटाला त्याचा आईबाप माहीत असतो. मित्र जुन्या कमिटावरून पुढे गेला, तूही त्याच कमिटावरून दुसऱ्या दिशेनं गेलीस, हे गिटला दिसतं. मग मित्रानं पुश केलं, म्हणजे आपले कमिट सामाईक प्रतीकडे पाठवले, तर गिट नकार देतो : तुझ्याकडे नसलेलं काही तरी तिकडे आहे, आधी ते घे. तो पुल करतो, म्हणजे तिकडचे कमिट आपल्याकडे घेतो, गिट दोघांचा सामाईक कमिट शोधतो, तिथून तू काय बदललंस आणि त्यानं काय बदललं ते बघतो आणि दोन्ही जोडतो. तू दरपत्रकात होतीस, तो बिलाच्या छपाईत होता, तर कुणाला काही विचारायचीही गरज पडत नाही.

विचारावं लागतं ते दोघांनी एकच ओळ बदलली तेव्हा. समज, गायीच्या दुधाचा 3.5 फॅट, 8.5 एसएनएफचा मूळ दर तू 34 केलास आणि त्यानं 35. पुल केल्यावर ‘कॉन्फ्लिक्ट’ असा शब्द येईल आणि फाइल उघडलीस तर त्या जागी असं काही दिसेल :

<<<<<<< हेड
मूळ_दर = 34
=======
मूळ_दर = 35
>>>>>>>

वरचं तुझं, खालचं त्याचं. हे बघून बहुतेक जण घाबरून फोल्डर उडवतात आणि नव्यानं क्लोन करतात, म्हणजे इतिहासासकट अख्खी प्रत पुन्हा उतरवून घेतात. गरज नाही. मित्राला फोन कर, संघाचा चालू दर कुठला ते ठरवा, नको ती ओळ आणि तिन्ही खुणांच्या ओळी पुसून टाक, सेव्ह, ॲड, कमिट. संपलं. दर 34 की 35 हे गिटला कळणार कसं? ते तुम्हालाच ठरवायला हवं, आणि गिट नेमका तिथंच थांबून विचारतो. झिपेनं न विचारता ठरवलं होतं.

आता रेंजचा प्रश्न. सबव्हर्जन या जुन्या प्रोग्रामसारख्या आधीच्या पद्धतीत सगळा इतिहास एका सर्व्हरवर असायचा. केंद्रावर रजिस्टर एकच आणि शेतकऱ्याच्या कार्डावर त्याच्यापुरत्या नोंदी, तसं. कमिट करायचा तर सर्व्हरपर्यंत पोचणं आलं. गिटमध्ये प्रत्येकाकडे अख्खं रजिस्टर असतं, पहिल्या पानापासून. त्यामुळे कमिट, लॉग, डिफ, जुनी फाइल परत आणणं यातल्या कशालाच नेट लागत नाही. नेट लागतं फक्त पुश, पुल आणि क्लोनला.

हे असं का, तर गिट बनलाच तशा लोकांसाठी. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम जगभर विखुरलेली माणसं करत होती आणि त्यासाठी ती बिटकीपर नावाचा एका कंपनीचा प्रोग्राम फुकट वापरत होती. 2005 मध्ये वाद होऊन ती फुकट सोय बंद झाली. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं काही लिहायला घेतलं आणि 7 एप्रिलला गिटचा कोड गिटमध्येच ठेवला गेला. त्याच वर्षी जुलैत त्यानं देखभाल जुनिओ हामानोकडे सोपवली. तुझ्या व्हिडिओतल्या निम्म्या गोष्टी, रिबेससकट, त्या हजारो जणांच्या गरजेतून आल्या आहेत. तुम्ही चौघं आहात.

गावी जाणाऱ्या दोघांना सांग, तिथं खुशाल कमिट करत राहा, आल्यावर पुश करा. आणि तुमचा पेन ड्राइव्ह फेकू नका. पेन ड्राइव्हवर ‘गिट इनिट --बेअर -बी मेन दूध.गिट’ दिलंस की तोच तुमचा सर्व्हर. तुझ्या फोल्डरमधून ‘गिट रिमोट ॲड पेन’ आणि पुढे पेन ड्राइव्हवरच्या त्या फोल्डरचा पत्ता, मग ‘गिट पुश पेन मेन’. बाकीचे तिथून ‘गिट क्लोन’ करतील. एसटी स्टँडवर पेन ड्राइव्ह हातातून हातात दिला तरी इतिहास जसाच्या तसा जातो. नव्या गिटमध्ये ‘ड्युबियस ओनरशिप’ अशी तक्रार येऊ शकते, कारण पेन ड्राइव्हची फाइलपद्धत फोल्डरचा मालक कोण ते नोंदवत नाही. खालीच गिट सेफ.डिरेक्टरीची आज्ञा सुचवतो, ती कॉपी करून द्यायची. पेन ड्राइव्हही हाताशी नसेल तर ‘गिट बंडल’ आहे. सगळा इतिहास एका फायलीत बांधला जातो आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते. म्हणजे तुमचा ग्रुपही कामाला येईल.

एक नियम मात्र कडक पाळा : इनिट एकानंच करायचं, बाकी तिघांनी क्लोन. चौघांनी आपापलं इनिट केलंत तर चार वेगळे इतिहास होतात आणि जोडायला गेलात की गिट ‘अनरिलेटेड हिस्टरीज’ म्हणून हात वर करतो. गिटहबवर रिपॉझिटरी (प्रोजेक्ट आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) काढताना ‘रीडमी’च्या खुणेवर टिक केली तरी हेच होतं, कारण ती साइट स्वतःचा एक कमिट करून बसते. रिकामीच काढा.

आता गिटहबचा टॅब उघड. तुझा पासवर्ड बरोबरच आहे, पण 13 ऑगस्ट 2021 पासून गिटहब पुश-पुलसाठी पासवर्ड घेतच नाही. जुने व्हिडिओ बघून शिकणारे सगळे इथं आपटतात. विंडोजचा गिट घेतला असेल तर त्याच्यासोबत क्रेडेन्शियल मॅनेजर येतो, पुश केल्यावर ब्राउझर उघडून लॉगिन करायला सांगतो, तेवढं पुरतं. नाहीतर गिटहबच्या सेटिंग्जमध्ये टोकन काढून ते पासवर्डच्या जागी द्यायचं. हे टोकन ग्रुपवर टाकायचं नाही, कोडमध्ये तर मुळीच नाही.

रिपॉझिटरी प्रायव्हेट ठेव. एप्रिल 2020 पासून फुकट खात्यातही प्रायव्हेटमध्ये कितीही जण घेता येतात. आणि मला खरी काळजी वेगळीच आहे. तुमच्या डेटाबेसमध्ये चाचणीसाठी एखाद्या केंद्राची खरी यादी घातली असेल, तर त्यात शेतकऱ्यांची नावं, फोन, बँक खाती असणार. ती फाइल गिटमध्ये जाताच कामा नये. ‘.गिटइग्नोर’ नावाच्या फायलीत डेटाबेसचं नाव, पासवर्ड असलेल्या फायलीचं नाव, पायथनचं ‘व्हेन्व’ किंवा जावास्क्रिप्टचं ‘नोड_मॉड्यूल्स’ ही फोल्डरं एकेका ओळीवर लिही. हे पहिल्या कमिटच्या आधी करायचं. एकदा कमिट झालेली फाइल पुढच्या कमिटात उडवली तरी आधीच्या कमिटात राहते, आणि क्लोन करणाऱ्या प्रत्येकाकडे जाते. जुन्या झिपांमध्ये डेटाबेस असेल तर कमिट करण्याआधीच वेगळा काढ. एखादा पासवर्ड गेलाच असेल तर पुसत बसू नकोस, पासवर्ड बदल.

मराठीत काम करणाऱ्यांना गिट आणखी दोन ठिकाणी चकवतो आणि त्याबद्दल व्हिडिओवाले बोलत नाहीत. फायलीचं नाव ‘दरपत्रक’ असं देवनागरीत ठेवलंस तर ‘गिट स्टेटस’मध्ये नावाऐवजी उलट्या तिरप्या रेघा आणि 340, 244 अशा आकड्यांची माळ दिसते. फाइल बिघडलेली नसते, गिट फक्त रोमनबाहेरची अक्षरं आकड्यांत दाखवतो. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ दिलं की नाव नावासारखं दिसतं. टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तरीही विस्कटलेली दिसतील, तो टर्मिनलचा दोष, फायलीतला मजकूर ठीकच असतो.

दुसरं जरा गमतीशीर. बिलावर ‘दुसऱ्या’ असा शब्द आहे, तू एका कीबोर्डनं लिहिलास, मित्रानं दुसऱ्या, आणि डिफमध्ये ओळ बदललेली दिसते. कितीही डोळे फाडून बघा, फरक दिसत नाही. कारण हा ‘ऱ्या’ कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : खाली नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडअक्षर घालून. पडद्यावर सारखं, आत वेगळं. चौघांनी एकच कीबोर्ड ठरवा, नाहीतर ‘शेतकऱ्यांची यादी’ या एका शीर्षकापायी रोज कॉन्फ्लिक्ट सोडवत बसाल.

पहिले काही दिवस ब्रँचच्या (मेनपासून वेगळ्या काढलेल्या कामाच्या फांदीच्या) भानगडीत पडू नका असं मी म्हणेन. बरेच जण याच्या उलट सांगतात, आणि मोठ्या टीमसाठी त्यांचं खरं आहे. पण ज्यांना पुल आणि कॉन्फ्लिक्ट सरावाचे नाहीत त्यांच्या हातात ब्रँच दिली की महिनाभर चार जण चार ब्रँचवर राहतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जोडायला बसतात. सगळे मेनवरच काम करा. कामाला बसताना पुल, एक गोष्ट पूर्ण झाली की कमिट, उठताना पुल आणि पुश. पुल करताना ‘डायव्हर्जंट ब्रँचेस’ म्हणून गिट अडला तर ‘गिट कॉन्फिग पुल.रिबेस फॉल्स’ एकदा देऊन ठेवा. हे अंगवळणी पडलं की एकेका कामाला एकेक ब्रँच काढा.

रिबेस, म्हणजे कमिट उचलून दुसऱ्या कमिटावर बसवणं, यंदा विसर. ‘पुश --फोर्स’ कुणी सुचवला तर साफ नाही म्हण, कारण तो दुसऱ्याचे कमिट सर्व्हरवरून पुसू शकतो, म्हणजे पुन्हा ‘फायनल’ झिपेचाच प्रकार. ‘रीसेट --हार्ड’ कमिट न केलेले बदल पुसतो, म्हणून तो देण्याआधी कमिट कर. कमिट झालेलं काम हरवलं तरी ‘गिट रिफ्लॉग’मध्ये त्याचा माग काही आठवडे सहज राहतो, कमिट न झालेल्याला वाली नाही.

मर्क्युरिअल हा गिटसारखाच प्रोग्राम, चांगलं आहे. गिटच्याच महिन्यात, त्याच बिटकीपरच्या भांडणातून निघालं आणि त्याच्या आज्ञा खरंच जास्त सरळ आहेत. पण ठेवायला जागा कमी उरल्या. गिटहबसारख्याच बिटबकेट या साइटनं 2020 मध्ये त्याचा आधार काढला, फायरफॉक्सवालेही 2025 मध्ये गिटकडे आले. मॅडमनाही गिटच हवाय आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत विचारतील तेही गिटच. त्यामुळे तोच घे.

झिपा आत घालताना कुठे अडलीस तर एररचा मजकूर कॉपी करून पाठव. स्क्रीनचा मोबाइलवरून काढलेला तिरपा फोटो नको. आणि सोबत ‘गिट स्टेटस’ काय म्हणतोय तेही पाठव, बहुतेक वेळा उत्तर त्यातच लिहिलेलं असतं.